पप्पांनी वाचलेली चिठ्ठी

रविवार, ११ जानेवारी २०२६

परवा शुक्रवारी आधी आली ती शेजारची चांगुणा. जाळीच्या दाराला तोंड लावून म्हणते, "आक्का, जाग्या हाय का? तुमच्याकडं पाव्हनं आलंय." मी म्हटलं, माझ्याकडं कोण येतंय, मीटरवाला असेल. तर तिच्या मागं टेम्पो येऊन थांबला. त्यातून आधी एक चप्पल खाली पडली आणि चपलेच्या मागून एक पोरगी उतरली, लांबच्या लांब, एका पायावर लंगडी घालत. मी आपली दाराच्या आत खुर्चीवर, मांडीवर मेथीची जुडी. पोरीनं बाहेरून जाळीला दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "सलाम, आजी."

दीना, तिला सलाम कुणी शिकवला हे मला विचारावं लागलं नाही. कानिफरावांच्या घरात नमस्कार, रामराम. सलाम आपल्या ख्रिस्ती लोकांतच. म्हणजे तू शिकवलास. अठरा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, पण लेकीला माझ्यासाठी सलाम शिकवून ठेवलास, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर असू दे, तेवढं माझ्यापाशी राहू दे.

बघ, पत्रावर आधी प्रभूची कृपा आणि आईचा आशीर्वाद लिहायचा असतो, तो राहूनच गेला. इथं मध्येच घे. मला लिहायची सवय नाही. दुसरीपर्यंतची शाळा, तीही कापसाच्या वेचणीला बंद. जोडाक्षर आलं की पेन थांबतं. पण तुझ्या आराधनानं तुझा पत्ता लिहून दिलाय आणि चांगुणाचा लेक रंगनाथ राहात्याला जाताना पत्र टाकतो म्हणालाय, तर आता मी थांबणार नाही.

काय पोर आहे ग तुझी. अकरावीला आहे म्हणाली. नाक पप्पांचं, हसणं कुणाचं ते कळलं नाही, कानिफरावांकडचं असेल. आणि नाव किती हुशारीनं ठेवलंस, दोन्ही घरी चालतं. मी तिला जवळ घेतली असती, पण कशी घेणार, मध्ये जाळी, जाळीला बाहेरून कुलूप. ते तुला माहीत नसणार. आषाढात मी पाटाच्या पुलावर पडले. चांगुणाकडं चालले होते, पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय, आता वॉकर धरून खुर्चीपासून न्हाणीपर्यंत जाते. रॉबिन शाळेत क्लार्क, त्याची बायको दिपाली दवाखान्यात नर्स. दोघं नऊला जातात ते सहाला येतात. जाताना कुलूप लावतात, आई पुन्हा निघून कुठं पडली तर काय करायचं म्हणून. रविवारी चर्चला जातानाही लावतात, आत्ता लावलेलंच आहे. वाईट वागवत नाहीत, खोटं कशाला बोलू. डब्यात गरम पोळी असते, औषधं वाटीत मोजून ठेवलेली असतात. पण रस्ता मला जाळीतूनच दिसतो. म्हैस गेली तरी तुकड्यातुकड्यानं जाते.

तर चहा. मी वॉकर ढकलत आत गेले, चहा केला. कप जाळीतून जाईना, बशी तर नाहीच. शेवटी स्टीलचे उभट ग्लास गेले, तेही एकेक करून, खाली फडकं धरून. कानिफराव टेम्पोपाशीच उभे होते, पेरूचे क्रेट उगाच इकडचे तिकडं करत. मी हाक मारली, "जावईबापू, चहा गार होतोय." तो एवढा उंच माणूस, कानावरचे केस पांढरे झालेले, असा आला की जणू शाळेत बाईंनी बोलावलंय. रंगनाथाच्या बागेतले पेरू न्यायला ते दर हंगामाला येतात म्हणे. म्हणजे माझ्या घरापासून चौथ्या बांधापर्यंत येत होते आणि परत कोपरगावला जात होते. या वेळी पोरगी ऐकेना, म्हणाली मला आजी बघायची.

आणखी एक झालं. मी पोरीकडून जाळीतून एक जुनी चिठ्ठी वाचून घेतली. त्याचं पुढं लिहीन, आज बोटं दुखतात. एकच सांगते. मला तुझ्या दारात यायचंय, दीना. तू उघडशील की नाही ठाऊक नाही. मला या दारातून निघता येईल की नाही तेही ठाऊक नाही. पण यायचंय.

तुझी आई


गुरुवार, १५ जानेवारी २०२६

काल संक्रांत झाली. चांगुणानं जाळीतून तिळगूळ दिला आणि वर म्हणाली, "ग्वाड बोला, पर रॉबिनशी न्हाई जमायचं तुमास्नी." तिला कळलं होतं. झालं असं की पाहुणे गेल्यावर चहाचे ग्लास बाहेरच्या कट्ट्यावरच राहिले. मला आतून हात पुरेना. संध्याकाळी रॉबिन आला, कुलूप काढलं, ग्लास उचलले.

"आई, कोण आलं होतं?"

"चांगुणा."

"चांगुणामावशी दोन ग्लासांत चहा पिते?"

मग दिपाली म्हणाली, "अहो, आईंना हातपाय तरी धुऊ द्या, मग चौकशी करा." चांगली आहे ती, पण रॉबिनपुढं तिचं चालत नाही. शेवटी मी सांगून टाकलं, दीनाची लेक आली होती. रॉबिननं ग्लास मोरीत ठेवले, घासले, पुसले, फळीवर लावले. आयुष्यात कधी ग्लास घासला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "कुलूप आहे तेच बरं आहे."

तुझं पत्र आलं नाही. यायला हवं असं माझं म्हणणं नाही. पोस्टाला वेळ लागतो.

चिठ्ठीचं सांगते. आपल्याकडं वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासनेनंतर वचन काढतात, ते तू विसरली नसशीलच. सुपात घड्या घालून चिठ्ठ्या ठेवतात, पाळकसाहेबांनी हातानं शास्त्रातलं एकेक वचन लिहिलेलं, ज्याला जे येईल ते त्याचं त्या वर्षाचं. लहानपणी तू दोन काढायचीस, एक आवडली नाही तर दुसरी. पप्पा चर्चचे पंच, म्हणून ते सुपाशेजारी उभे राहून ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवत. माझी तर दरवर्षी तेच वाचत. मग सगळ्यांच्या चिठ्ठ्यांपैकी आपल्या घरच्या तेवढ्या मागं नाव आणि साल घालून पत्र्याच्या डबीत ठेवत.

तू कानिफरावांशी कोर्टात लग्न केलंस त्या वर्षीचा नाताळ कसा गेला ते मी लिहीत नाही. पुढं एक जानेवारी आली, दोन हजार आठची. मी सुपातून चिठ्ठी काढली, पप्पांना दिली. त्यांनी वाचली. तिचा अर्थ असा, की मागं वळून पाहू नकोस, आहेस तिथंच घट्ट उभी राहा, देव तुला सांभाळेल. सगळ्या मंडळीसमोर मोठ्यानं वाचली. बाया माझ्याकडं बघून माना हलवायला लागल्या, की बाई, देवानं तुला सांगितलं बघ काय करायचं ते.

दुसऱ्या रविवारी सभा झाली. दीनाचं नाव मंडळीच्या वहीतून काढावं का, म्हणून पंचांनी विचारलं. ज्यांना वाटतं काढावं त्यांनी हात वर करावेत. मी मान खाली घातली होती. कुणी हात वर केला, कुणी नाही, मी काही पाहिलं नाही.

ती चिठ्ठी मी परवा, पोरगी आली त्या शुक्रवारी, आराधनाला दिली. पप्पा गेले तेव्हापासून डबी माझ्याकडं आहे, पण पाळकसाहेबांचं जोडून लिहिलेलं अक्षर मला लागत नाही, आणि घरात कुणाला दाखवायचं धाडस झालं नाही. पोरीनं जाळीशी धरून वाचली. अर्थ असा निघाला, की जा, भिऊ नकोस, जिथं जाशील तिथं मी तुझ्याबरोबर आहे.

पोरीला काही कळलं नाही. म्हणाली, "किती छान आहे आजी, तुमचीच आहे ना?" मागं पप्पांच्या हातचं माझं नाव आणि साल होतं. मी म्हटलं, होय, माझीच.

पप्पांवर रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण ऐक. त्यांनी ती फाडली नाही. डबीत ठेवली. फाडायचीही भीती वाटली असेल, देवाची चिठ्ठी.

तिळगूळ पत्रात घालावा म्हटलं, तर कागदाला तेल लागलं. तो डाग त्याचा आहे.

तुझी आई


मंगळवार, २० जानेवारी २०२६

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. पहिल्या पत्रात एक. रंगनाथाकडं पत्र देऊन झाल्यावर मला जेवण गेलं नाही. चांगुणाला विचारलं, टाकलं का? "कवाच टाकलं," म्हणाली. तर आता हे वाच.

मान खाली नव्हती. मी हात वर केला.

तू चर्चच्या दाराशी उभी होतीस, चपला काढायच्या जागी, आत यायचं का नाही अशी. तू पाहिलंसच. मी लिहिलं नसतं तरी तुला माहीत होतं, मग मी कुणापासून लपवत होते? माझ्या हातात तू दिलेल्या बांगड्या होत्या. हात वर केला तशा त्या कोपराकडं सरकल्या आणि वाजल्या. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं, इतक्या वाजल्या. मी परत दाराकडं पाहिलं तेव्हा तिथं तू नव्हतीस.

दुसरी गोष्ट. चिठ्ठी पप्पांच्या हातात द्यायच्या आधी मी उघडली होती. पुढचं अक्षर लागलं नाही हे खरं आहे. पण पहिला शब्द लागला. जा. तेवढं दुसरी शिकलेलीला येतं. मग पप्पांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यात जा कुठं आलाच नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, की येईल आता, येईल. आला नाही. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

मी तेव्हाच म्हणू शकले असते, अहो, पहिला शब्द काय आहे ते परत बघा. म्हटलं नाही. आजवर मी स्वतःला सांगत आले की ते शिकलेले, ते पंच, मी अडाणी, मला काय कळतं. तेही खरं नाही. खरं असं की मला बरं वाटलं. जा असतं तर मला उठून तुझ्यामागं यावं लागलं असतं. कुठं यायचं? तू कुठं राहतेस ते माहीत नव्हतं, ते लोक मला दारात उभं करतील का माहीत नव्हतं, पप्पा परत घरात घेतील का माहीत नव्हतं. आणि उभी राहा म्हटलं की काहीच करावं लागत नाही. आहे तिथं बसून राहायचं आणि वर देवाचं ऐकलं म्हणून नाव. मंडळीत मला केवढा मान मिळाला त्या वर्षी, तुला सांगायची लाज वाटते. नाताळच्या नाटकात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

तिसरी गोष्ट, पडल्याची. मी चांगुणाकडं चालले नव्हते. चांगुणाचं घर डावीकडं, पाटाचा पूल उजवीकडं. रॉबिनच्या हे कसं ध्यानात आलं नाही कोण जाणे, का आलं आणि बोलला नाही. चांगुणा मागच्या हंगामात बोलता बोलता म्हणाली की पेरूवाले कानिफनाथ कोपरगावचे, त्यांची बायको शिवणकाम करते, तुमच्यातलीच हाय म्हनं. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. आषाढात पिशवीत दोन लुगडी आणि डबी घेऊन मी एसटी स्टँडवर चालले होते. फाट्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. पुलावर शेवाळ होतं. पडले तेव्हा पिशवी पाटात गेली नाही एवढंच, डबी वाचली.

पडल्या पडल्या मला काय वाटलं सांगू? वाटलं, देवानं म्हटलं, आता नको. अठरा वर्षांपूर्वी जा म्हटलं होतं, तेव्हा गेली नाहीस, आता बस. सहा महिने मी या जाळीच्या आत तेच धरून बसले. रॉबिन कुलूप लावायचा आणि मला वाटायचं, हे देवानंच लावलंय, त्या पोराच्या हातानं.

आणि मग तुझी पोर लंगडी घालत आली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब सांगतात, तुलाही आठवत असेल, की कुणाचं आपल्याशी बिघडलं असेल तर आधी तिकडं जा, मिटवा, मग या. अठरा वर्षं मी ते ऐकलं आणि प्रभूच्या भाकरीसाठी हात पुढं केला. तोच हात.

आज एवढंच. चांगुणा दारात उभी आहे, पत्र द्या म्हणते, रंगनाथ गाडी चालू करून बसलाय.

तुझी आई


सोमवार, २६ जानेवारी २०२६

परवा शनिवारी दोघं पुन्हा आले. या वेळी आराधनाची चप्पल पडली नाही, मला उगाच चुकल्यासारखं झालं.

पोरीनं जाळीतून एक कागदाची गुंडाळी आत सरकवली. ब्लाऊज. निळा, कॉटनचा, पुढं हुक, काठाला आत दुमड. मी विचारलं, मम्मीनं दिला? म्हणाली, "दिला नाही. मशीनवर तयार होता, मी पिशवी धरली, तिनं टाकला. काही बोलली नाही." मी आत जाऊन घालून पाहिला. दीना, तुझ्या डोक्यात माझं अठरा वर्षांपूर्वीचं माप आहे. आता त्यात माझ्यासारख्या दोन बसतील. खांदा दंडावर उतरतो. मी दोन्हीकडून सेफ्टी पिना लावल्या आणि तसाच घातलाय, आत्ताही अंगात आहे. उसवून लहान करायला मागू नको म्हणून सांगायला लिहितेय, मला असाच हवाय.

मी पोरीला विचारलं, मम्मी माझी पत्रं वाचते का? तर म्हणे, "मशीनच्या खणात ठेवते आणि वर कात्री ठेवते." म्हणजे काय? "म्हणजे मी हात लावायचा नाही." मग तिनं मला नीट सांगितलं, उगाच गोड करून नाही, ते मला आवडलं. "आजी, मम्मी ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. मी विचारलं की आणू का, तर तिनं मशीन चालू केलं."

कानिफरावांना मी चिठ्ठीचं सांगितलं. सगळं, हातासकट. ते टेम्पोच्या फडक्यानं हात पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आई, राग मानू नका. सुपात शंभर-दोनशे चिठ्ठ्या असतील. तुमच्या हाताला दुसरीच आली असती तर?"

"आली असती. पण ही आली."

"आणि आता जायचं म्हणता, ते देव म्हणतोय का तुमचं मन?"

बघ, कसा नेमका विचारतो. तेच मीही मला विचारते, रोज. तेव्हा मला राहायचं होतं तर देव राहा म्हणाला, आता मला जायचंय तर देव जा म्हणतो, असा कसा तो माझ्याच मनासारखा बोलेल. पण तेव्हा चिठ्ठीत राहा नव्हतं ना. तेवढा एक फरक आहे. मी त्यांना म्हटलं, "मला नाही कळत, जावईबापू. पण बसून राहून बघितलं अठरा वर्षं. आता जाऊन बघते." ते हसले. म्हणाले, "पुढची सीट उंच आहे. क्रेटांच्या पायऱ्या करतो." आणि येणार कधी ते सांगून गेले.

आज झेंडावंदन. रॉबिन शाळेतून जिलबी घेऊन आला. सुट्टी, म्हणून दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं. म्हटलं, आताच. मी चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली आणि पप्पांनी काय वाचलं होतं ते सांगितलं. त्यानं ती वाचली, उलटी करून मागचं अक्षर पाहिलं, परत वाचली.

"पप्पांना नीट दिसलं नसेल," म्हणाला. "चष्मा लागला होता त्यांना."

"चष्मा तीन वर्षांनी लागला."

मग तो उठून उभा राहिला. "तुला तिकडं जायचंय हे मला आषाढातच कळलं होतं. पूल उजवीकडं आहे, आई. मी काही इतका बावळट नाही. पण तुला न्हाणीत जाताना धरावं लागतं. तिनं दार नाही उघडलं तर? टेम्पोत घालून परत आणायचं तुला, सगळ्या गावासमोर?"

"आणायचं."

"तिचं नाव मंडळीनं काढलं. देवाच्या नावानं काढलं."

"हात माझा होता."

"माझाही होता," तो म्हणाला. जिलबीचा कागद त्याच्या हातात, पाक खाली गळत होता, दिपाली म्हणाली अहो फरशी, पण तो ऐकत नव्हता. "तेवीस वर्षांचा होतो मी. पप्पांकडं नाही पाहिलं मी. तुझ्याकडं पाहिलं. म्हटलं, आईचा हात वर जाणार नाही. मग तुझ्या बांगड्या वाजल्या."

दीना, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या भावाला मी तिथं उभं केलं आणि तो आजपर्यंत तिथंच उभा आहे, आणि मी म्हणतेय की यानं मला कोंडलंय.

तो आत गेला. जिलबी आम्ही कुणीच खाल्ली नाही, शेवटी चांगुणाला दिली. ती म्हणाली, "काय झालंय? तुमच्या घरात आज कोन गेलं का काय?"

तुझी आई


शनिवार, ३१ जानेवारी २०२६

हे पत्र रंगनाथाकडं द्यायचं नाही, बरोबर आणायचंय. पिशवी भरली आहे. दोन लुगडी, औषधांची वाटी, पत्र्याची डबी, आणि चांगुणानं दिलेलं हिरव्या मिरचीचं लोणचं. तुझ्यासाठी दिलंय, पण तिच्या सुनेनं घातलंय ते सांगू नका म्हणाली, ते मी सांगितलं.

चार दिवस रॉबिन माझ्याशी कामापुरतं बोलला. आई, गोळी घेतली का. आई, पाय वर घे. रोज सकाळी कुलूप लागलं. काल शुक्रवारी त्यानं कुलूप लावलं आणि गेला नाही, जाळीच्या पलीकडं उभाच राहिला. मी आतून म्हटलं, उशीर होईल तुला. "होऊ दे," म्हणाला, आणि मग गेला. तेव्हा मला वाटलं, झालं, आता हा काही ऐकत नाही. वाईट वाटलं पण राग आला नाही. मी वॉकर घेऊन न्हाणीपासून पायऱ्यांच्या तोंडापर्यंत जायचा सराव केला, म्हणजे जाळीपर्यंतच. पुढच्या तीन पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी उतरले.

आज शनिवारी शाळा अर्धी. तो एक वाजताच आला. आत आला, माझ्या खुर्चीसमोर बसला.

"उद्या पहिला रविवार आहे," म्हणाला. "प्रभुभोजन आहे."

"माहीत आहे."

"तू पडल्यापासून पाळकसाहेब दुपारी तुझ्यासाठी भाकरी आणि द्राक्षारस घरी घेऊन येतात. उद्या येतील. मी त्यांना काय सांगू? पंच आहे मी. माझी आई कुठं गेली म्हणून सांगू?"

"सांग, ती आधी तिकडं गेली. तिथलं झालं की घेईल."

त्याची नजर माझ्या ब्लाऊजच्या पिनांवर गेली. विचारलं, "हा कुठला?" मी सांगितलं. "माप चुकलंय," म्हणाला. मी म्हटलं, "चुकलं नाही, जुनं आहे." त्यावर तो खाली बघून हसल्यासारखा झाला, किंवा तसं काही नसेल, मला हल्ली सगळ्यात चांगलंच दिसतं असं दिपाली म्हणते.

मग त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. जाळीची किल्ली कडीतून निघेना, नखानं ओढून ओढून काढली, नख दुखावलं. कॅलेंडरचा खिळा आहे ना आतल्या बाजूला, तुझ्या वेळी तिथं पप्पांची छत्री असायची, त्यावर अडकवली. उद्या सकाळी आम्ही चर्चला गेलो की कुलूप आतून लाव म्हणाला. मी उभी राहून हात पुरतो का पाहिलं. पुरतो.

"मी येणार नाही तिच्याकडं," असंही म्हणाला. मी विचारलं नव्हतं. मग दाराशी गेल्यावर वळून म्हणाला, "तिनं विचारलं तर सांग, मी विचारलंय."

काय विचारलंय ते सांगितलं नाही. तू समजून घे.

आता भीती वाटते. खरं तर आतापर्यंत किल्ली नव्हती तेव्हा बरं होतं, म्हणता येत होतं की मला कोंडलंय. आता मला अडवायला कुणी नाही, फक्त तीन पायऱ्या आणि तू. मघाशी मी किल्ली खिळ्यावरून काढून मुठीत धरून बसले आणि प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, मला काही नवी खूण दाखव. काही दाखवली नाही. रस्त्यानं रंगनाथाची म्हैस गेली, तुकड्यातुकड्यानं, रोजच्यासारखी. मग म्हटलं, बरं आहे, एकदा सांगितलंय ना, तेच पुष्कळ.

दीना, तू दार उघडलं नाहीस तर मी बसून राहणार नाही, तुला त्रास देणार नाही. हे पत्र फटीतून आत सरकवीन, मागून लोणच्याची बरणी उंबऱ्यावर ठेवीन आणि कानिफरावांना म्हणेन, चला. उघडलंस तर मला आधी बसायला काहीतरी दे, उभं राहवत नाही, मग जे बोलायचं ते बोल. मंडळीसमोर हात वर केला होता, तर तुझ्या घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, कुणाही समोर माफी मागेन. लाजायचं वय राहिलं नाही.

दिपालीनं केसांना तेल लावून दिलं. चांगुणा सकाळी येणार आहे, पायऱ्यांवर मागून धरायला. "पडलात तर माज्यावर पडा," म्हणाली, "मी मऊ हाय."

कानिफराव आणि आराधना उद्या, रविवारी, एक फेब्रुवारीला, सकाळी दहाला येतो म्हणून सांगून गेले आहेत.

तुझी आई